थेनचं हरवलेलं अर्धुक

शनिवार, ७ जून

थेन आजही आला! जन्मभर शाळेची बस चालवली, आता म्हातारपणी दगड फोडायची हौस. हातोडी कुठे धरायची तेही कळत नाही. आमच्या जीवाश्म शोधणाऱ्या क्लबात येऊन जेमतेम वर्ष झालं आणि सगळ्यांचा लाडका. का, तर त्याची बायको व्हर्ला दर सहलीला चीज घालून भाजलेले बटाटे पाठवते.

चढताना सारखा बसत होता. मी थांबले नाही. सहल नेते मी, पाळणाघर चालवत नाही.

आणि दुपारी त्याचाच दगड फुटून मधोमध दुभंगला! आत तळहाताएवढा ट्रायलोबाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दगड झालेला समुद्री किडा, पाठीवर काटे. असा या डोंगरात कुणालाच मिळाला नव्हता. मलाही नाही. एका अर्धुकात किड्याचं अंग, दुसऱ्यात त्याचा ठसा. ते दुसरं घरंगळत खाली आलं ते थेट माझ्या बुटापाशी. बाकी सगळे वर, थेनच्या गळ्यात पडलेले. मी उचललं आणि पिशवीत सँडविचखाली सारलं.

मग सगळ्यांबरोबर शोधलं. गुडघे सोलून घेतले. सगळ्यात मोठ्यानं मीच हळहळले!

रविवार, ८ जून

चर्चला गेले नाही. भिंग घेऊन बसले. काय ठसा आहे — डोळ्याची जाळीसुद्धा दिसते!

शुक्रवार, १३ जून

संग्रहालयाच्या बाई थेनला म्हणाल्या, किड्याची जात नवीच दिसते, पण दुसरं अर्धुक आणा, त्याशिवाय काही ठरत नाही. ठरलं तर किड्याला नाव थेनचं. थेनचं! आणि क्लबाच्या प्रदर्शनात मधलं काचेचं कपाटही त्यालाच. ते कायम माझं असतं. त्या कपाटाशिवाय माझं म्हणून आहे काय!

संध्याकाळी त्याचाच फोन. "नेड्रा, उद्या येशील का गं डोंगरावर? तुझी नजर घारीची."

येते की.

शनिवार, १४ जून

त्याला म्हटलं, "अरे, घळीकडे काहीतरी घसरत गेल्यासारखं वाटलं होतं मला." लगेच उतरला! खाली नुसता रखरखाट. मी वर झुडपाच्या सावलीत बसून त्याच्याच थर्मासमधलं लिंबू सरबत प्यायले. खालून विचारतो कसा, "तुला ऊन लागत नाही ना गं?"

गाढव.

शनिवार, २८ जून

पुन्हा घळ. सापडलं नाही. सापडेल कसं!

शनिवार, १२ जुलै

आज निघताना म्हणाला, "तुझी पिशवी एकदा झटकून बघ हं, कधीकधी खडे अडकतात." आणि हसला. मीही हसले. त्याच्या विनोदाला हसावं लागतं, नाहीतर तोच पुन्हा सांगतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

घळीतून वर येताना थेन मटकन बसला तो उठेचना. ओठ निळे. कसाबसा गाडीपर्यंत ओढत आणला, दवाखान्यात पोचवला. हृदयाचं दुखणं म्हणे, जुनंच. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं असतं तरी घळच दाखवली असती. इथे कशाला खोटं लिहू!

गुरुवार, १४ ऑगस्ट

व्हर्ला येऊन गेली. आत ये म्हटलं, आली नाही. टॉवेलात गुंडाळलेलं थेनचं अर्धुक माझ्या हातात दिलं.

"डॉक्टरांनी डोंगर बंद केला त्याचा. तू पिशवीत टाकलंस ते त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मला म्हणाला, बोललो तर क्लबातून हाकलतील तिला, मग ती जाईल कुठे? म्हणून तुला घेऊन जायचा — की आज तरी काढशील, म्हणशील, हे बघ, सापडलं! आता हेही तूच ठेव."

पायरीवर बटाट्यांचं भांडं ठेवून गेली. अजून गरम होतं.

दोन्ही जुळवून पाहिली. केसभरसुद्धा फट नाही. आता दाखवू कुणाला? अरे मेल्या, शिव्या तरी घालायच्या होत्यास!