हेलियमला सरस लागत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत. गेलं दीड वर्ष आपण बोलत नाही हे तुला आठवत असेलच. मला आठवत नाही, म्हणून हे पत्र. यावरून मी तुला बोलावतोय असा अर्थ मात्र काढू नकोस.

झालं असं, की माझी लेक सराव परीक्षेत भौतिकशास्त्रात नापास झाली. खरी परीक्षा बारा दिवसांवर आली आहे आणि तीत आपटली तर वर्ष वाया. ती म्हणाली, "आत्याला बोलवू या." तीस वर्षं हाच विषय शिकवलेली आत्या असताना तिला दुसरं कोण सुचणार? पण मी म्हटलं, मी काय मेलोय? मी शिकवतो. (बायको स्वयंपाकघरात निघून गेली. हसायला तिला तीच जागा बरी पडते.)

धडा निघाला अणुकेंद्राच्या बंधनऊर्जेचा. गणित दिसायला अगदी गरीब: दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, चौघांच्या वस्तुमानांची बेरीज, त्यातून हेलियमच्या केंद्राचं वस्तुमान वजा, उरेल त्याला ९३१.५ ने गुणायचं. आता प्रोटॉन म्हणे १.००७२८, न्यूट्रॉन १.००८६६ आणि केंद्र ४.००१५१. मी पडलो सुतार. एखादं सूत इकडेतिकडे झालं तर रंधा मारून भागतं. दशांश चिन्हापुढच्या भुशाला कोण विचारतो? (तुझं कपाट दारातून आत गेलं नाही, तो दार बसवणाऱ्याचा दोष होता. तू मात्र माझ्या कारागिरांसमोर हसलीस.) तर सगळा भुसा झाडून टाकला. चार एक चार, वजा चार, शून्य. नऊशे एकतीसने गुणून पाहिलं, तरी शून्यच. लेक थंडपणे म्हणाली, "बाबा, तुमचा हेलियम सुटा झाला."

भुसा परत गोळा केला, तर नवीनच भानगड. सुट्या चौघांची बेरीज ४.०३१८८ आणि जोडून झालेलं केंद्र त्याहून हलकं! चार फळ्यांचं टेबल चार फळ्यांपेक्षा हलकं भरलं, तर मी आधी कारागिराची पिशवी तपासेन. पुस्तकात छपाईची चूक आहे हे सिद्ध करायला मी लाकडाचे चार गोळे कातले, समोरच्या सोनाराच्या काट्यावर तोलले, सरसाने चिकटवले, वाळवले आणि पुन्हा तोलले. जड भरले! भर दुकानात मी छाती फुगवली. सोनार चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो, ते सरसाचं वजन."

घरी आल्यावर लेकीने मला समोर बसवून समजावलं. केंद्रात म्हणे वरून सरस लावत नाहीत. एकत्र येताना त्यांच्याच वस्तुमानातलं थोडं ऊर्जा होऊन निघून जातं, आणि तेवढी ऊर्जा परत दिल्याशिवाय ते एकमेकांना सोडत नाहीत. इतकं नीट तिला सांगता येतं. आकडे दिसले की मात्र ती पेन खाली ठेवून देते. ते बघून मला तुझी आठवण आली. फार आली. बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. आता लोखंड आलंय. सव्वीस प्रोटॉन, तीस न्यूट्रॉन. एवढे गोळे कातायचे तर दुकान बंद ठेवावं लागेल. परीक्षेपर्यंत येऊन राहशील का?

ता. क. दुसरा. दार मी तीनदा मोजलं होतं. कपाट एकदाही नाही.

ता. क. तिसरा. आत्ताच कळलं, की लेकीने परवाच तुला फोन केला आणि तू उद्या दुपारच्या गाडीने पोचते आहेस. मग हे पत्र कशाला, असं बायको विचारते. टाकतोच. तोंडावर यातलं एक अक्षर मला बोलता येणार नाही. परत गेल्यावर दाराशी पडलेलं सापडेल, तेव्हा सावकाश वाच. आणि त्यावरून मला फोन करू नकोस. लेकीला कर, मी शेजारीच बसलेला असेन.