पाव्हणीचं पाणी

उंबरवाडी, भंडारदऱ्याच्या वर
वैशाख, १९७३

प्रिय लीनाताई,

राहीचा नमस्कार. श्रीरामपूरला आईजवळ बदली झाली, आमचा डोंगर चढायची कटकट गेली, आता मजेत असाल. इथं तुमची आठवण निघत नाही असा दिवस नाही, तिकडं उचक्या लागतच असतील. माझी हौसा आता दुडूदुडू पळते, कोंबड्यांच्या मागं लागते. काल तर माझ्या ताटातला भाकरीचा तुकडाच पळवला लबाडीनं. तिच्याकडं बघितलं की तुमच्यासाठी हात आपोआप जोडले जातात.

तुम्ही नर्सबाई म्हणून पहिल्यांदा आलात, शाळेपुढं चित्रं टांगून बोललात, आणि आम्ही बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसलो, आठवतं? आम्हा महादेव कोळ्यांच्या वाडीत ताप आला, पोट दुखलं, की विचारायचं ते बनुबाई सुइणीला. तिचा शब्द पाणवठ्यावर जातो, तिथून राजूरच्या बाजारात, तिथून सगळ्यांच्या माहेरी. तुम्ही ते बरोबर ओळखलंत. चित्रं गुंडाळलीत आणि बनुबाईच्या ओट्यावर तिच्यासोबत नाचणी पाखडत बसायला लागलात.

मग गेल्या वैशाखात हौसाला गोवर आला. आमच्यात गोवर म्हणजे घरात देवी आली. दाराला लिंबाचा पाला, फोडणी बंद, औषध बंद, परका माणूस उंबऱ्याच्या आत नाही. लेकराला पाणीसुद्धा नाही, देवी कोपते म्हणे. पोरगी तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले, रडायचंही थांबली होती. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तुम्हाला दारातच अडवलं. भर उन्हात उभं राहून तुम्ही एवढंच सांगत होतात, सुई नको, गोळी नको, नुसतं उकळून गार केलेलं पाणी आणि पेज घोटघोट पाजा. आत्याबाई म्हणाल्या, तुमचं शानपन तुमच्यापाशी ठिवा. मी आतून सगळं ऐकत होते. जीव तुटत होता, पण सासूपुढं बोलायची माझी काय बिशाद!

तुम्ही तडक बनुबाईकडं गेलात. ती धापा टाकत आली आणि आत्याबाईंना म्हणाली, आगं चांगुने, देवी म्हंजी पाव्हनी. पाव्हनीला कुनी तान्हेली ठिवतं व्हय? आत्याबाईंना ते एकदम पटलं. उठल्या, तांब्या लखलखीत घासला, गार पाणी भरलं, आणि नेऊन ठेवला पाळण्याच्या उशाशी, देवीसाठी! वर हळदकुंकू वाहून हात जोडले. बनुबाईनं कपाळावर हात मारला. आगं येडे, देवी हाय कुटं? पोरीच्या अंगात. मंग ती पिनार कुनाच्या तोंडानं? मग आत्याबाईंनीच हौसाला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजायला लागल्या. एक चमचा, थोडं थांबून दुसरा, मग पेज. दिवस मावळायच्या आत पोरगी मोठ्यानं रडली. रडणं इतकं गोड लागतं हे मला त्या दिवशी कळलं, ताई.

आता पत्राचं कारण सांगते. परवा शेजारच्या लंकाबाईच्या पोराला गोवर आला. आत्याबाई कुणी न बोलावता पेजेचं भांडं घेऊन गेल्या आणि पाव्हणीचं सगळं तिला ऐकवलं, जसं काही त्यांच्याच डोक्यातून निघालंय! मला हसू आवरेना. पोर आता बरं आहे. पण आज सकाळी आत्याबाई चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, राहे, त्या नर्सबाईला लिही. देवीला पानी दिलं आपन. पन ती पोर तवा उन्हात माझ्या दारात उभी हुती, तिला घोटभर पानी न्हाई इचारलं म्या. तिला म्हनाव, एकडाव ये, आत चुलीपाशी बस. एवढं बोलून डोळे पुसले त्यांनी. तेव्हा या ताई, नक्की या. तुमच्यासाठी तांब्या आत्याबाईंनी आत्ताच घासून ठेवलाय, आणि मला त्याला हात लावू देत नाहीत.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुमचीच राही