दुभाष्याने गिळलेले वाक्य

गव्हर्नर कर्नल सर एडमंड हॅलोवे यांस,

मी क्वेकू एन्सा, वय त्रेपन्न, आपल्या कचेरीतील मुख्य दुभाषी. माझा अपराध कबूल करण्यासाठी लिहीत आहे.

सोमवारी असिंक्रोच्या दरबारात आपण पलटणीतल्या आवाजात बजावलेत, "शुक्रवारपर्यंत बंदुका जमा करा, नाहीतर गाव जाळीन." दरबारात कठोर शब्द मऊ करूनच पुढे ठेवायचा, ही आमच्याकडे दुभाष्याची रीत. मी म्हणालो, "शुक्रवारी साहेब तुमच्या बंदुका पाहायला येतील."

गावप्रमुख नाना अमिसा हसले. "एन्सा, तुझा साहेब खुर्चीत बसूनही कवायतच करतो की रे! येऊ दे. बंदुकांची सलामी देऊ, बकरं कापू."

उद्या शुक्रवार. पलटण वेशीवर पोहोचताच गावकरी स्वागताचे बार काढतील. वीस वर्षे लढलेल्या आपल्याला तो हल्लाच वाटेल. शिवाय दिलेला हुकूम आपण पलटणीत कधी मागे घेतला नाहीत, गव्हर्नर झाल्यावरही नाही.

आपल्या नावचे प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर येते. हे तिथेच राहील. मी आत्ताच असिंक्रोला निघालो आहे, आपले वाक्य नानांना जसेच्या तसे सांगायला.

आजवर आपला आज्ञाधारक,
क्वेकू एन्सा
केप कोस्ट, १२ एप्रिल १८९४