दोन टण झाल्याशिवाय

मंगळवार, तारीख ५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नानांना काल दवाखान्यातून घरी आणलं. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस. मुख्याध्यापिका झाल्यापासून तर मुळीच नाही. म्हणून सगळं पत्रात लिहितो.

घर तयार आहे अशी आमची समजूत होती. बटणावर वर-खाली होणारी खाट भाड्याने आणली, ती दारातून आत येईना. हमाल म्हणाले, दार काढू. दार काढलं, खाट आत आली, पण मग दार काही परत बसेना. तूर्त दाराच्या जागी पडदा आहे. घंटीही दाराबरोबर गेली, त्यामुळे दूधवाला पडद्यापुढे उभा राहून खाकरतो आणि आतून आम्हीही खाकरून त्याला ओ देतो.

संध्याकाळी नानांना जरा बसतं करावं म्हणून मी बटण दाबलं. डोक्याची बाजू वर आली, ठीक. पण पायांचीही वर आली, आणि नाना दोन्हीकडून मिटायला लागले. इतकी वर्षं वाचनालयात पुस्तकं बांधतो आहे, पण वडील मिटताना कधी पाहिले नव्हते. हिने धावत येऊन तार उपटली. त्याने झालं एवढंच, की नाना अर्धवट मिटलेले राहिले. पुन्हा तार लावून, देवाचं नाव घेऊन, दुसरं बटण दाबलं तेव्हा उलगडले. मला वाटलं घाबरले असतील. तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "पुढे सरका."

बोलणं म्हणून तेवढंच परत आलं आहे. उजवी बाजू लुळी, बाकीचे शब्द गेले. त्यांना समजतं सगळं. पण गाडीवर वाहक म्हणून जन्मभर जे म्हटलं तेवढं जिभेवर शिल्लक राहिलं. डॉक्टर आले तरी पुढे सरका, सूप आलं तरी पुढे सरका.

थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, चमच्याने घट्टसर भरवायचं, लघवीची पिशवी सांभाळायची, हे जमेल. अडतंय ते उठवण्यात. दवाखान्यात तीन माणसं उचलायची. हात लावला की ते ओंडक्यासारखे ताठ होतात. आज सकाळी मी आणि हिने जोर लावला आणि शेवटी तिघेही खाटेवर आडवे झालो. नाना मध्ये. हिच्या कमरेत उसण भरली. तेव्हापासून ही जपूनच वाकते.

काळजी करू नकोस. तुझी माया नेहमी दारातून यायची, आता पडद्यातून येऊ दे.

तुझा,
भाऊ

---

शनिवार, तारीख ९

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी खूप हसले. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

तुला लहानपणापासून वाटतं की मनापासून केलं की सगळं होतं. वडील उचलणं मनाने होत नाही, कमरेने होतं. ती कंबर तुझ्या बायकोची आहे. तिला विचारलंस का? तू विचारलंस तर ती हो म्हणणार, हेही मला माहीत आहे. तू वाचनालयात गेलास की घरात ती आणि नाना दोघंच. उद्या ती पडली तर नानांना कोण बघणार आणि तिला कोण?

माझ्या शाळेपासून जवळच एक शुश्रूषा केंद्र आहे. मी स्वतः जाऊन सगळ्या गाद्यांखाली हात घालून आले. स्वच्छ आहे. चोवीस तास माणसं आहेत. महिनाअखेरपर्यंत नानांसाठी एक खाट अडवून ठेवली आहे. तोवर एका माणसाच्या मदतीने नाना खाटेवरून खुर्चीत येऊ लागले, तर राहू देत तुझ्याकडे. नाही तर मी घेऊन जाणार. रडायचं नाही. रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्यापाशी बसेन.

खाटेच्या बटणांना हात लावू नकोस. ते तुझ्या बायकोकडे दे.

हसू नकोस असं सांगून ऐकणार नाहीस, म्हणून हसत राहा, पण उत्तर वेळेवर पाठव.

ताई

---

शुक्रवार, तारीख १५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझं चूक आहे असंही म्हणता येईना. देवासमोर बसलो तर देवही तुझ्याच बाजूचा वाटला.

पण परवा एक गंमत झाली. दूधवाल्याचा खाकरून खाकरून घसा बसला, म्हणून त्याने सायकलची घंटी वाजवली. लागोपाठ दोनदा. आम्ही तेव्हा नानांना उठवायला वाकलोच होतो. घंटीसरशी नानांनी डावा हात कठड्यावर टाकला, डावा पाय जमिनीत रोवला, अंग पुढे झोकलं आणि उठले! आम्ही ओंडक्याच्या हिशेबाने जोर लावलेला. खुर्ची ओलांडून पलीकडे टाकता टाकता त्यांना सावरलं.

मग डोक्यात उजेड पडला. एक टण म्हणजे गाडी थांबव, दोन टण म्हणजे चल. दोन टण झाल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि गाडी हलणार म्हटलं की उभ्या वाहकाचं अंग आपोआप पाय रोवतं. व्यायामाच्या बाई बिचाऱ्या रोज एक-दोन-तीन म्हणत होत्या. एक-दोन-तीनवर कुठली गाडी सुटते? त्यांच्यासमोर घंटी दोनदा वाजवून दाखवली. नाना उठले. बाई खाली बसल्या.

मग मी पुस्तक शिवायचा दोरा पिळून चांगली जाड दोरी केली, खाटेच्या उशापासून दाराच्या चौकटीपर्यंत छताखालून नेली आणि टोकाला घंटा बांधली. दोरी नानांच्या डाव्या हाताशी. ते दोनदा ओढतात, आम्ही हात देतो, ते उठतात. अर्थात आता घरात काहीच घंटेशिवाय होत नाही. काल त्यांनी एक टण केला. ही ओट्यापाशी जागीच थांबली आणि दूध समोर उतू गेलं. मी विचारलं, गॅस का बंद केला नाहीस? म्हणाली, दोन कुठे झाले होते?

माझ्या पूजेची पंचाईत झाली. देवापुढची छोटी घंटा वाजवली की नाना उठायला लागतात आणि ही धावत येते. आता बिनघंटेचा बसतो. देव समजून घेईल, त्याला ऐकू येण्याची अडचण नाही.

लघवीच्या पिशवीचंही ऐक. ती खाली टांगायची असते. पण नाना रोज ओढून खांद्याला अडकवायचे, आणि परिचारिका बाई कपाळाला हात लावायच्या. शेवटी माळ्यावरून त्यांची कामावरची चामड्याची पिशवी काढून खांद्यावर दिली. तेव्हापासून दुसरीकडे ढुंकून बघत नाहीत. पिशवीत तिकिटाला भोक पाडायचा चिमटा निघाला. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, उत्तम, तो उजव्या हातात द्या. अजून उजव्याने नीट जमत नाही. मग नाना डाव्याने भोकं पाडतात, वर्तमानपत्राला, औषधाच्या चिठ्ठीला, टेबलक्लॉथला. हे पत्रही त्यांच्या हाताखालून गेलंय, तेव्हा तपासलेलं समज.

हिची कंबर आता ◯ आहे. तू विचारलं होतंस म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढच्या आठवड्यात शनिवार-रविवार मी इथे नाही. दुसऱ्या गावच्या वाचनालयात नळ फुटून पुस्तकं भिजली, ती आणायला जायचं आहे. ही म्हणते, दोन दिवस मी आणि दोरी पुरे आहोत.

तुझी माया थांब्यावर अडवू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
भाऊ

---

मंगळवार, तारीख १९

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला नेमकं तिथेच भोक आहे जिथे तुझ्या बायकोच्या कमरेची बातमी आहे. कंबर आता काय आहे? बरी? मोडलेली? दारासारखी काढून ठेवलेली? मुद्दाम लिहिलंस म्हणतोस, आणि मुद्दाम लिहिलेलंच तेवढं दिसत नाही.

दोरीचं वाचून मला आपली गाडी आठवली. शाळेला सुट्टी लागली की मी नानांच्या मागे पहिल्या बाकावर. एकदा थांबा यायच्या आत उठले, तर भर गाडीत ओरडले होते, दोन टण होईपर्यंत कुणी हलायचं नाही, मुलगी असो नाही तर राणी! नंतर उतरताना हात धरून उतरवलं होतं.

पण भाऊ, घंटा म्हणजे उपचार नव्हे. तू एका गोष्टीवर भाळलास की आंधळा होतोस. आज दोरीवर उठले, उद्या नाही उठले तर? तुमची दोघांची मोडतोड होईल आणि मी इथे मुलांच्या वह्या तपासत बसलेली असेन. हे मला सहन व्हायचं नाही.

मी काय करणार ते लिहीत नाही, नाही तर तू रडवेलं पत्र पाठवशील. भिजलेली पुस्तकं उन्हात वाळवू नकोस, पानं वाकडी होतात. हे तुला माहीत आहे, तरी सांगते. माझ्या रागाला माझीच सही आहे असं धर.

ताई

---

सोमवार, तारीख २५

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत आल्यावर तुझ्या बायकोने सगळं सांगितलं असेलच, पण ती हसता हसता अर्धं गाळते. म्हणून मीच लिहिते.

तू घरी नसशील असाच दिवस मी धरला होता. शनिवारी दुपारी शुश्रूषा केंद्राची गाडी आणि दोन धिप्पाड माणसं घेऊन पडद्यापुढे उभी राहिले. खाकरायचं की घंटी वाजवायची हे ठरेना. तेवढ्यात तुमचा दूधवाला आला आणि त्याने मला रांगेत मागे उभं केलं.

तुझ्या बायकोला मी सांगितलं, मी नानांना न्यायला आले आहे. तिने नानांच्या खांद्यावर पिशवी नीट केली, केस विंचरले आणि आमटीकडे वळली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

माणसांनी एकाने खांदे धरले, एकाने पाय. म्हणाले, एक, दोन, तीन. नाना ओंडका. पुन्हा एक, दोन, तीन. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा जोर लावून नानांना वीतभर उचललं, तेवढ्यात नानांनी दोरी ओढली.

एक टण.

तुझी बायको डाव हवेत धरून थांबली. पडद्याबाहेर दूधवाला एक पाय सायकलवर टाकून थांबला. आणि मी, आठशे पोरांना एका नजरेत उभं करणारी बाई, नानांची औषधं भरायला निघाले होते, ती एक पाऊल उचललेलं तसंच धरून थांबले. भाऊ, खरंच सांगते, पाय खाली टेकवायचा धीर झाला नाही. आम्ही सगळे पुतळे झालेलो पाहून ती माणसं घाबरली. त्यांनी नानांना अलगद खाली ठेवलं. एकाने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, बाई, आता काय करायचं? आणि माझ्या तोंडातून निघालं, दोन होईपर्यंत हलायचं नाही.

वाट पाहिली. चहा झाला. दुसरा चहा झाला. नाना दोरीला हात लावून छताकडे बघत होते. दोन काही होईनात. शेवटी मीच त्या माणसांना जायला सांगितलं. पडद्याबाहेर गेल्यावर थोरला धाकट्याला म्हणाला, आपण खाकरलो नाही म्हणून असेल.

मी खाटेच्या कडेला बसले. नाना म्हणाले, पुढे सरका. मी सरकले. मग त्यांनी दोनदा दोरी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. तुझ्या बायकोने मला नुसता हात कुठे द्यायचा ते दाखवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. मी एकटीने हात दिला. नाना उठले, वळले, खुर्चीत बसले. भार सगळा त्यांचाच होता, मी नावाला. माझीच अट होती, एका माणसाच्या मदतीने. ते एक माणूस मीच निघाले.

केंद्रातली खाट आज सकाळी सोडून दिली. आता माझं ऐकायचं. सकाळी अंघोळीला आणि कूस बदलायला एक बाई येईल, मी ठरवून आले आहे, नको म्हणायचं नाही. एक आड एक शनिवारी मी येणार, त्या दोन दिवसांत तुम्ही दोघं बाहेर जायचं, कुठेही, पुस्तकं नसतील तिथे. दार सुताराकडून बसवून घे. कंबर बरी आहे, मी तिला वाकायला लावून पाहिलं. भोकाच्या जागी "बरी" असं लिहून टाकते.

रविवारी निघताना पिशवी घेऊन पडद्याशी उभी राहिले. नानांच्या हातात दोरी. घंटा काही वाजेना. तुझी बायको म्हणाली, अहो ताई, गाडी चुकेल. पण निघणार कशी? मी म्हटलं, नाना, दोन आठवड्यांनी येते. ते बघत राहिले. मी जवळ जाऊन पुन्हा म्हटलं, खरंच येते, शनिवारी, पहिल्या गाडीने. तेव्हा त्यांनी दोनदा दोरी ओढली आणि मी निघाले. वळून पाहिलं नाही. चालत्या गाडीत मागे बघायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

माझी माया आता दर दुसऱ्या शनिवारी स्वतः येईल, पत्रातून पाठवायची गरज नाही.

ताई

ता. क. परत येतानाचं माझं तिकीट सोबत पाठवते आहे. त्यावर भोक नाही. नानांकडून पाडून घे, उजव्या हाताने. वेळ लागला तरी चालेल. ते भोक पडेपर्यंत मी विनातिकीट आहे असं त्यांना सांग, म्हणजे थांबणार नाहीत.