लादीखालची तहान

५ जानेवारी
नव्या घरी आलो एकदाचे! वाटलं होतं, बाबांना हात धरून उतरवावं लागेल. पण ते आपले आपणच उतरले, काठी टेकत घराला फेरी मारून आले आणि म्हणाले, "नेसा, पंपाची खोली पाहिलीस? माझी खाट तिथेच टाक." जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त केलेला माणूस! आई गेल्यावर पहिल्यांदाच असे खुशीत दिसले. घराला पत्र्याचं छप्पर आहे, चहूबाजूंनी व्हरांडा आणि पुढे नजर पोचेल तिथवर लाल माती. इकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. संध्याकाळी शेजारचे क्लॅरी डफिल्ड कोंबड्या घेऊन आले. शेजारचे म्हणजे, गाडी काढल्याशिवाय पोचता येत नाही इतके शेजारचे. म्हणाले, "पोरी, इथे उन्हाला भिऊ नकोस, माश्यांना भी." रात्रीचं मटण त्यांच्याच घरचं. बाबांनी दोनदा वाढून घेतलं.

८ जानेवारी
नळाला दाब नाही. शॉवरखाली साबण लावला आणि धार करंगळीएवढी झाली. बाबांना तर सणच! त्यांनी मला कामाला लावलं. पंपाच्या स्विचमध्ये मुंग्या चिरडून चिकटल्या होत्या, त्या खरवडून काढल्या. प्रेशरच्या टाकीवर बोटाने टकटक केली; वरून पोकळ आवाज यायला हवा तिथे भरीव आला. सायकलच्या पंपाने हवा भरली. धार जरा सुधारली, पण टाकीवरचा दाबाचा काटा पुन्हा खाली. मग बाबांनी घराकडे जाणारा कॉक बंद करायला सांगितला. घरात थेंबभर पाणी जात नव्हतं, तरी काटा उतरतच होता.
"म्हणजे दुसरंच कुणीतरी पितंय," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसले.

९ जानेवारी
सापडलं! शेडच्या मागे एक जुना पाइप काँक्रीटच्या मोठ्या लादीखाली जातो. त्याच्यावर कॉक. किंचित उघडा, आणि कुणाला फिरवता येऊ नये म्हणून तारेने आवळलेला. बाबांनी पकडीने तार तोडली, मी कॉक बंद केला. काटा चढला तो तिथेच थांबला. आज मनसोक्त अंघोळ केली. बाबा त्यांच्या अंघोळीत गात होते.

११ जानेवारी
क्लॅरी चहाला आले होते. बाबांनी मोठ्या ऐटीत कॉकची गोष्ट सांगितली. क्लॅरींनी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.
मग सांगू लागले: लादीखाली जुनी विहीर आहे. दुष्काळात या घराचा मालक मर्व्ह हॉस्किन ती खोल करायला उतरला आणि वरची माती त्याच्यावर ढासळली. माणूस जिवंत होता, पण काढता येईना. तो खालून पाणी मागायचा. बायकोने पाइप सोडून त्याला पाणी पाजलं. पुढे हाका थांबल्या, विहिरीवर लादी घातली गेली. बाईने मात्र मरेपर्यंत तो कॉक बंद होऊ दिला नाही.
"एवढी वर्षं पाणी जातंय," क्लॅरी म्हणाले, "आणि लादीभोवतीची माती बघा. कधी ओली दिसली?"
बाबा म्हणाले, मेलेल्याला कसली आलीय तहान! पण क्लॅरी गेल्यावर मी कॉक पुन्हा उघडला. पूर्ण उघडला.
काटा हललासुद्धा नाही. पाणी जातच नाही. घ्यायला तिथे कुणी नसल्यासारखं.

१२ जानेवारी
सकाळी कोंबड्या मेलेल्या. रक्त नाही, पिसं विस्कटलेली नाहीत. उचलल्या तर वाळक्या पानांसारख्या हलक्या. त्यांचं पाण्याचं भांडं कोरडं. स्वयंपाकघरातली किटलीही.
दुपारी लादीला भेग दिसली. आतून बाहेर फुटलेली.

१३ जानेवारी
गाडी सुरू होत नाही, रेडिएटरमध्ये पाणी नाही. क्लॅरींना फोन केला. म्हणाले, "निघतोच. तोवर त्याला घरात घेऊ नका." कसं नको घेऊ? कुठून येतो तेच कळत नाही.
बाबा पाण्यावर पाणी पितायत. ओठांना चिरा. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते.
क्लॅरी आले नाहीत. त्यांचा ट्रक फाटकाशी दिसतो, दार उघडं. हाक मारली. बघायला जायचा धीर —

१४ जानेवारी
बाबा म्हणाले, तार मी तोडली, नेसा. कॉक आपण बंद केला, त्याचा काय दोष? तो उघड्यावर राहिला तर तुला सोडणार नाही. त्याला परत खाली न्यायला हवं.
मी दार अडवून उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "सरक, बाळ. काम माहीत असलेला माणूस मीच आहे."
काठी टेकत भर उन्हात गेले. लादीवर बसले. कुणाशी तरी शांतपणे बोलत होते. मी धावले, पोचेपर्यंत लादीवर फक्त काठी. भेग रुंद झालेली.
रडू फुटलं. डोळ्यांतून काही आलं नाही.

दुपारी
काटा उतरतोय. पाणी जातंय खाली. तहान थोडी कमी झालीय मला. बाबांनी केलं ते. त्यांनी खरंच —

१५ जानेवारी
पंप नुसता घरघरतोय. हवा ओढतोय. बोअर आटली.
पाइपला कान लावला. खालून हाक येते. दोघांची.
घरातलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. पाण्याचा जग. गरम पाण्याची पिशवी. औषधाची बाटलीसुद्धा. पुरत नाही.
आता एकच आवाज. बाबांचाच. नेसा, पाणी नसेल तर राहू दे, म्हणतात. तू ये. तुझ्यात अजून आहे थोडं —
नाही, बाबा असं कधी — 
लादी हलतेय. मी इथून उठते, मी फाटकाकडे —
बाळ म्हणाले. मला बाळ