पाहुणे जेवून उठेपर्यंत

माय, मला मुलगा झाला. आज नववा दिवस. हे दुसरं बाळंतपण, पहिली मुलगी सहा वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते, आता सत्तावीस झाले, म्हणजे बहुतेक तुझ्यापेक्षा मोठीच असेन. तुझं वय आपल्या घरात कुणाला नीट सांगता येत नाही. आजी म्हणायची, "असंन पंचवीस-सव्वीसची." बकरीचं वय सांगावं तसं. पण मी तुला बातमी द्यायला लिहीत नाहीये, भांडायला लिहितेय. बाजेवर पडून आहे, सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही असं सासूनं बजावलंय, आणि मला एका जागी बसवलं की माझं डोकं सरळ देऊळघाटला, माहेरच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन बसतं. म्हणून तर मी आयुष्यभर एका जागी बसले नाही. नववीत शाळा सोडली, तीही धड नववी नाही. मग जळगावला केळीच्या पॅकिंगवर, नागपूरला होस्टेलच्या मेसमध्ये, मग संभाजीनगरला कंपनीत. तिथंच हा टेम्पोवाला भेटला आणि मेहकरला आले. लग्न झालं तरी खोड गेली नाही. दुपारी घर शांत झालं की मला बसस्टँडवर जावंसं वाटतं. कुठं जायचं असतं असं नाही, गाडीवरची पाटी वाचायची आणि चढायचं.

त्या दिवसाचं सांगते. तुला माहीत आहेच, पण तुला जे माहीत नाही तेही त्यात आहे. आत्याची सुपारी फुटायची होती. लोणारचे पाहुणे यायचे होते, जीप भरून. तुझे दिवस भरत आले होते. आदल्या दिवशी आजी तुला म्हणाली, "तुले अजून पंधरा दिवस आहेत. उद्या काही नाटकं करू नको बाप्पा." तू म्हणालीस, "नाही करत." सकाळी तू चुलीपुढं होतीस, वरणाची डाळ घोटत. मी वांगी चिरत होते, म्हणजे चिरायचं नाटक करत होते, वांग्याची देठं वेगळी काढून त्यांची माणसं उभी करत होते. तू एकदम थांबलीस. रवी हातातच. तुझ्या पायाखालची शेणानं सारवलेली जमीन काळी पडत गेली आणि ते पाणी माझ्या देठांच्या माणसांपर्यंत आलं. मी म्हणाले, "माय, हे काय व?" तू पोतेरं घेतलंस, खाली बसता येत नव्हतं म्हणून पायानंच पुसलंस, आणि म्हणालीस, "घागर सांडली म्हण." घागर तर कोपऱ्यात उभी होती, भरलेली. मी म्हणाले, "आजीले बोलावू?" तेव्हा तू माझी हनुवटी धरलीस. डाळीचा हात होता तुझा, गरम. "पाहुणे जेवून उठेपर्यंत कोणाले सांगायचं नाही. तुह्या वक्ताले दोन दिवस लागले होते मले, हे काय आत्ताच होते? सांगशीन त माहं मेलेलं तोंड पाहाशीन."

एवढंच. आपल्याकडं ही शपथ बाया दिवसातून दहादा घालतात. भाकर खाल्ली नाही तर घालतात, पाहुण्यांनी आणखी एक पुरी घेतली नाही तर घालतात. मोठी माणसं ऐकतात आणि सोडून देतात. पण मी आठ वर्षांची होते, माय. मला वाटलं, तुझं मरण माझ्या तोंडात ठेवलंय तू, आणि तोंड उघडलं की ते बाहेर पडणार.

मग मी गप्प राहिले. आणि तू काय काय केलंस ते पाहत राहिले. बट्ट्या उकडल्यास, कापल्यास, तळल्यास. दर थोड्या वेळानं भिंतीला कपाळ टेकवायचीस, आणि कुणी आलं की कढईत झारा हलवायचीस. आत्या नवी साडी नेसून दोनदा विचारून गेली, "वहिनी, माहा पदर बरा पडला ना?" तू म्हणालीस, "लय बेस." बाबा आत आले, "ताटं कमी पडतीन काय?" म्हणून विचारलं, तुझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि ताटं मोजून गेले. पंगत बसली तेव्हा वाढायलाही तूच. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या ताटात तूप घालता घालता तू विचारलंस, "मामाजी, तुमच्या तळ्याचं पाणी खरंच खारं असते काय?" तो हसला, म्हणाला, "या ना एकदा, चाखून पाहा." आजीनं तुझ्याकडं असं पाहिलं की तू पदर ओढून आत आलीस. दिवसभरात स्वतःसाठी तू तेवढं एकच बोललीस. दारात त्यांची जीप उभी होती. मी तिच्या बोनेटला टेकून उभी राहायचे, ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. बुलढाण्याचा दवाखाना तिथून वीस मिनिटं. तेव्हा मला हा हिशोब येत नव्हता, आता येतो. सकाळपासून चार वाजेपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता दारात उभा होता, आणि मी त्याच्या काचेवरच्या धुळीत बोटानं मोर काढत होते.

जीप गेली. धूळ खाली बसते न बसते तोच तू मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना धरून खाली बसलीस. मग सगळं एकदम. आजी धावली, शेजारची म्हातारी सुईण धावली, मला बाहेर काढलं. अडलं की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या, तर आजी पेट्या उघडत सुटली, दावणीचं जनावर सोडलं, माझ्या वेण्याही सोडल्या. सगळं सुटलं, माझं तोंड सोडून. बाळ रडलं तेव्हा आजी ओरडली, "पोरगा आहे व!" मला वाटलं, झालं, वाचलो. पण मग त्या पोत्यांखालून रक्त यायला लागलं ते थांबेना. बाबांनी गावातून टेम्पो आणेपर्यंत अंधारून आलं. तू बुलढाण्यापर्यंत पोचली नाहीस.

तुझ्या पोराचंही सांगून टाकते. एकोणीसचा आहे, चाकणला कंपनीत. त्याचा वाढदिवस कधी झाला नाही, कारण त्याच सुमाराला तुझं श्राद्ध येतं. शाळेत पोरं विचारायची तर हा म्हणायचा, "आमच्या घरी त्या दिवशी वरण-बट्टी असते." आणि तुझे ते पाहुणे? त्यांनी निरोप पाठवला, ज्या घरात आमचा पाय पडला आणि सून गेली, तिथं सोयरीक नको. आत्याला नंतर पिंपळगाव राजाला दिली. म्हणजे ज्या जेवणासाठी तू गप्प बसलीस ते जेवण फुकट गेलं. मी कितीदा तरी मनात तुला हे ऐकवलंय. तुला ऐकवायचं म्हणजे मलाच ऐकवायचं. कारण घरात आजही सगळे म्हणतात, "एकाएकी झालं, कोणाले काही कळलंच नाही." माझ्यासमोर म्हणतात. आजी मरेपर्यंत तेच म्हणत गेली. आणि मी मान हलवते. एकोणीस वर्षं मी तुझी ती शपथ पाळतेय, जिच्यामागचं माणूस कधीच जाळून झालं.

कुठं होते मी? हां, मुलगा झाला ते. नवव्या महिन्यात सरकारी दवाखान्यात तपासणीला जाते असं सासूला सांगून मी पोरीचा हात धरला आणि मेहकरच्या स्टँडवर लोणारची गाडी लागलेली दिसली. बस. मी एवढी फिरले पण लोणारला कधी गेले नव्हते. जाणूनबुजून गेले नव्हते. काठावरून तळं पाहिलं. मधे एकदा गुलाबी झालं होतं म्हणे, आता हिरवट होतं. पोरगी म्हणाली, "खाली जाऊ." एवढ्या पायऱ्या उतरायची माझी हिंमत नव्हती, कंबर सकाळपासूनच भरून आली होती. पाणी काही चाखलं नाही, मामाजी म्हणाले होते तरी. परत स्टँडवर आलो, मेहकरच्या गाडीत बसलो, पोरीला खिडकी दिली, तिकीट काढलं, आणि गाडी हलायच्या आत माझी सीट ओली झाली. पोरगी पाहत राहिली. मला पहिल्यांदा भीती कशाची वाटली सांगू? मरायची नाही. सासूला कळेल, की ही तपासणीला गेलीच नव्हती. मेहकर तासाभरावर. वाटलं, तेवढं दम धरू, घरी जाऊन सांगू की आत्ताच सुरू झालं. मी पोरीची हनुवटी धरली आणि म्हणाले, "कोणाले सांगायचं नाही. सांगशीन त माहं मेलेलं तोंड पाहाशीन."

माय, मी ते ठरवून बोलले नाही. तोंडात होतंच. जसंच्या तसं, तुझ्या आवाजात.

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग सीटवरून खाली उतरली, सरळ कंडक्टर बाईपाशी गेली, तिचा शर्ट ओढला, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, माह्या मम्मीचं पोट दुखून राह्यलं. सांगू नको म्हणे. सांगितलं त मरते म्हणे. पण तिची सीट ओली झाली." मी उठले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. उभं राहता येत नव्हतं, तरी घातला. कंडक्टर म्हणाली, "पोरीले काऊन मारतं व? बस खाली! किती दिवस भरले?" मी म्हणाले, "भरलेच." ती पुढं ओरडली, "ओ दादा, गाडी दवाखान्याकडं घ्या." ड्रायव्हर म्हणाला, "अवं, पण टाइम..." "टाइमले घाल चुलीत. इथं बाई बाळंत होऊन राह्यली." मागं पोतं घेऊन बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मी म्हणतो, हिचं तिकीट त मेहकरचं आहे." कंडक्टर म्हणाली, "बाबाजी, पोराचं अर्धं फाडू काय मंग?" गाडी हसली. मीही हसले बहुतेक, मग पुढची कळ आली आणि मी तिच्या तिकिटाच्या मशीनचा पट्टा धरून किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं. तू भिंतीला कपाळ टेकवून जे गिळत होतीस ना, ते असं असतं तर. कंबर दोन्ही बाजूंनी कुणी पिळून काढतंय, आणि वरून आत्याच्या पदराला लय बेस म्हणायचं. मला त्या घडीला तुझी कीव आली नाही, राग आला. एवढं दुखत होतं तर ओरडली का नाहीस? आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात ठेवण्यापेक्षा स्वतःच्या तोंडातून काढायचं होतंस.

दवाखान्यात पोचले आणि तासाभरात झाला. तुझ्यासारखंच माझंही रक्त थांबेना. नर्सबाईनं मांडीत एक इंजेक्शन दिलं, मग दुसरं, पोट दाबत राहिली, शेजारणीशी बोलावं तसं माझ्याशी बोलत राहिली, "कुठली तू? मेहकरची? लोणारले काय करत होती?" मी म्हणाले, "फिरायले आली होती." ती म्हणाली, "धन्य आहे बाई तुही." मग रक्त थांबलं. जाताना सहज म्हणाली, "मेहकरपर्यंत गाडीत राह्यली असती त काही खरं नव्हतं." तेवढंच होतं, माय. दोन इंजेक्शनं. बुलढाण्यातही असतीलच तेव्हा, वीस मिनिटांवर.

सासूनं यथेच्छ बोलून घेतलं. "चेकिंगले जातो म्हणून लोणारले गेली! सून आणली का वारा आणला?" ते मी ऐकून घेतलं, त्यात खोटं काही नव्हतं. पण पोरगी. ती माझ्या जवळ येत नाही. बाळाला बघते, पाळण्याला झोका देते, माझ्या बाजेपाशी मात्र फिरकत नाही. रोज सकाळी उठली की दारातून माझ्या तोंडाकडं पाहते, श्वास चालू आहे का ते बघते, आणि मग दात घासायला जाते. परवा नवरा हसत हसत सांगत होता, "काय पोरगी आहे, आजीले विचारे, मम्मी कधी मरणार?" तो हसला, सासू हसली. मी भिंतीकडं तोंड केलं.

तिला जवळ घेऊन एवढंच म्हणायचं आहे, की बाई, तू बरं केलंस. नऊ दिवस झाले. तोंडाशी येतं आणि मागं जातं. कारण तिनं बरं केलं असं मी म्हटलं, की मग मी काय केलं तेही म्हणावं लागतं. तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर. सगळे सांगतील, तू लहान होतीस. पण हीसुद्धा लहानच आहे ना? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिलाही तेच शब्द सांगितले होते. ती उठली आणि गेली.

हे सगळं मी तिच्याच चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, आणि आता ती उंबऱ्यात येऊन उभी आहे. वही हवी आहे, मागत नाही. पानं फाडून चुलीत घालीन, तुला कुठं पाठवायचं. पण एक तुला सांगते, आणखी कुणाला सांगणार नाही. त्या गाडीत ती माझं सगळ्यांना सांगत होती, तेव्हा मला जीव वाचला म्हणून बरं वाटलं नाही. मला तिचा हेवा वाटला. धपाटा त्याचाच होता. ती अजून उभी आहे, माय, आणि मी अजून तिला हाक मारलेली नाही.