तिसरी क्लचप्लेट

११ जानेवारी

चि. पान्यास,

अ. उ. आ., आणि या खेपेला आशीर्वादांबरोबर एक तक्रारही.

तुझ्या सल्ल्याने घेतलेली गाडी पुन्हा बंद पडली आहे. ‘तुझ्या सल्ल्याने’ हे शब्द मुद्दाम आधी लिहिले, म्हणजे पत्र अर्धवट टाकून तू चहाला उठणार नाहीस. डोंगरातल्या शाळांत मुलांचे दात तपासायला जायचं, खुर्ची आणि जनरेटर न्यायचा, तर अशीच दणकट गाडी हवी, असं तू तुझ्या भावोजींना सांगितलंस. दणकट गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर उभी राहिली. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मला आपल्या काकांची आठवण झाली.

सप्टेंबरात पहिली क्लचप्लेट गेली, तेव्हा मी गप्प बसले. आता दुसरीही गेली. सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर, केसांना तेल आणि जिभेला त्याहून जास्त, मला म्हणतो की प्लेट चालवणाऱ्याच्या सवयीने झिजते, म्हणून ती वॉरंटीत बसत नाही. गाडी विकताना त्याने आमच्या सवयी विचारल्या होत्या का, असं मी त्याला विचारलं. त्याने मला पाणी आणून दिलं. मला तर वाटतं, सप्टेंबरात त्यांनी जुनीच प्लेट पुसून परत बसवली. कस्टम्समध्ये आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडल्या आहेत मी. पावडरच्या डब्यातून घड्याळं निघालेली पाहिली आहेत. तिसरी प्लेट बसवताना मी तिथे स्टूल टाकून बसले होते.

दुसरा संशय ड्रायव्हरवर आहे. मे महिन्यात ठेवलेला माणूस, फार कमी बोलतो. माझ्यासमोर जो कमी बोलतो, त्याच्या बॅगेत काहीतरी असतं. परवा गाडीच्या मागच्या भागात मला विटांचा लाल भुगा सापडला. आमची गाडी घेऊन हा कोणाच्या बांधकामावर विटा वाहतो की काय?

बाकी क्षेम. तुझ्या भावोजींची साखर ताब्यात आहे असं ते म्हणतात. शब्दकोशाच्या मागून काल बिस्किटांचा पुडा जप्त केला. विसरभोळेपणा वाढलाय. घरात येतात ते एकाच पायात चप्पल घालून, दुसरी फाटकापाशी पडलेली असते. मी म्हटलं, एक दिवस पायच बाहेर विसरून याल.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र चहा बाजूला ठेवून वाचलं.

गाडीच्या कारखान्यात तपासणी विभागात माझा जन्म गेला, म्हणून आधी थोडी शिकवणी. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती क्लचप्लेटमधून. पेडल दाबलं की दोघांचा हात सुटतो, सोडलं की पुन्हा घट्ट धरला जातो. पण पेडलवर पाय नुसता टेकलेला राहिला, तर प्लेट धड धरतही नाही आणि धड सोडतही नाही. दारात उभं राहून तासभर निरोप घेणारे पाहुणे असतात ना, तसं तिचं होतं. ती घासत राहते, तापते आणि मरते.

निघालेली प्लेट मागून घे. तुझा मॅनेजर देणार नाही म्हणेल. त्याची मला काळजी वाटते. प्लेट तेलकट असेल तर कुठलं तरी सील गळतंय, मग त्यांचा गळा धर. तिच्या मधल्या स्प्रिंगा तुटल्या असतील तर जास्त ओझं किंवा हिसके. कोरडी, पाटीसारखी गुळगुळीत आणि करपलेल्या वासाची असेल, तर कोणाचा तरी पाय.

पाय असेल तर तो कोणाचा, हेही कळेल. एक आठवडा गाडी फक्त ड्रायव्हरला चालवू दे, पुढचा फक्त भावोजींना. रविवारी बाजारात तू गाडी नेतेस, तर तेवढे दिवस रिक्षाने जा. तोपर्यंत ड्रायव्हरला काढू नकोस. लहानपणी माझ्या डब्यातला लाडू कमी झाला, की तू आधी शेजारच्या मांजराला शिक्षा करायचीस आणि मग चौकशी.

भावोजींना नमस्कार. चप्पल कुठली घालतात ते?

माया आहे तशीच राहू दे, वाढली तर मला पेलणार नाही.

तुझा पाना


९ फेब्रुवारी

चि. पान्यास,

अ. उ. आ. मांजरानेच लाडू खाल्ला होता.

प्लेट मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून नीट पाहिली. कोरडी, गुळगुळीत, करपलेला वास. तेलाचा थेंब नाही, स्प्रिंगा शाबूत. तुझे भावोजी जेवायला आले आणि त्यांनी ती चिमट्याने उचलून खिडकीत नेऊन ठेवली, एखादी किडकी दाढ ठेवावी तशी.

मग तुझी परीक्षा घेतली. पहिला आठवडा ड्रायव्हरचा. मी मागच्या सीटवर तिरकी बसून त्याच्या डाव्या पायावर नजर ठेवली होती. मान आखडली, पण पाय काही सापडला नाही. गाडी गुपचूप चालली. दुसरा आठवडा यांचा. शेवटच्या दिवशी टाकीजवळच्या चढावर तोच करपलेला वास आला, आणि आता पेडलच्या बाजूने बारीक किणकिण ऐकू येते.

तू म्हणशील, उत्तर मिळालं. मला तसं वाटत नाही. आपल्यावर नजर आहे हे कळलं की चोरटा प्रवासी सगळ्यांत सरळ चालतो, हे मी तुला शिकवायला हवं का? आधी त्याने जे बिघडवून ठेवलं, ते यांच्या पाळीत बाहेर आलं. यांचा पाय तर आयुष्यभर दात कोरायच्या यंत्राच्या पेडलवर होता. कोणाच्या जिभेला कधी साधा ओरखडा आला नाही. त्या पायावर मी संशय घेऊ? आणि विटांच्या भुग्याचं काय? काल पुन्हा सापडला.

म्हणून मी ड्रायव्हरला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. नव्या मालकाने चौकशी केली तर काय सांगाल, असं विचारलं. मी म्हटलं, खरं तेच सांगेन, गाडीची वाट लावलीस म्हणून. त्यावर तो म्हणाला की मग या गावात आपल्याला कोणी गाडी देणार नाही. जाता जाता त्याने विचारलं, डोंगरात गाडी कोण नेणार. साहेब नेतील, असं सांगितलं. तो दारात जरा थांबला आणि मग गेला. ते थांबणंही मला आवडलं नाही.

रबराच्या कंपनीलाही एक कडक पत्र टाकलं आहे. गरम पाण्याच्या पिशवीने यांच्या तळपायाला रुपयाएवढा फोड आला. पिशवी इतकी तापते कशी? हे म्हणतात, वाचत होतो, लक्ष गेलं नाही. जी रहस्यकथा वाचत होते ती सहाव्यांदा. खुनी कोण हे त्यांना पहिल्या पानापासून माहीत आहे.

चपलेचं का विचारलंस? साधी, मागून उघडी.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय पाना,

नमस्कार. हे पत्र तुझ्या बहिणीच्या तपासणीतून सुटून तुझ्यापर्यंत पोचलं तर माझं नशीब. टपालपेटीत मी स्वतः टाकतो आहे.

ड्रायव्हरला तिने काढलं हे तुला कळलं असेल. माणूस चांगला आहे. मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं आहे, पण तिच्यासमोर पुरावा लागतो. विटांचा पुरावा माझ्याकडे आहे, पण तो देता येत नाही. शाळांची अंगणं उतरती असतात, खुर्ची सपाट बसावी म्हणून विटा मीच नेतो. त्या तिच्या गुलाबांच्या वाफ्याच्या कडेच्या आहेत. आता तूच सांग, मी कोणत्या गुन्ह्याची कबुली देऊ?

माझा संशय कंपनीवर आहे. या गाडीचं क्लचचं पेडल फार मऊ आहे. पायाला लागतच नाही. जुन्या गाडीत पाय ठेवला की कळायचं, इथे उशीवर ठेवल्यासारखं वाटतं. पाय पेडलवर आहे की खाली, हे मला कधीकधी वाकून बघावं लागतं. मी ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला की चांगलं कडक आहे. ज्याचा त्याचा अनुभव. पण आयुष्यभर मी पायाने यंत्र चालवलं आहे, मला पेडल कळतं.

तुझ्या जुन्या कारखान्यात विचारून बघ, आतली स्प्रिंग घट्ट करता येईल का. तसं झालं तर गाडीही सुधारेल आणि त्या बिचाऱ्याची नोकरीही वाचेल. पुढच्या सोमवारी वरच्या शाळेत जायचं आहे, मीच नेणार आहे. त्याआधी कळव.

बिस्किटांविषयी जे ऐकलं असशील ते अर्धंच खरं आहे.

तुझा स्नेही, आणि नात्याने भावोजी


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. हे पत्र टपालाने न पाठवता, तिकडे येणाऱ्या एका माणसाच्या हाती देतो आहे. वाचून होईपर्यंत गाडीची किल्ली तुझ्याजवळ ठेव. खरं तर वाचण्याआधीच काढून घे.

गाडीत दोष नाही. प्लेटमध्ये नाही, पेडलमध्ये नाही, ड्रायव्हरमध्येही नाही. विटा भावोजी नेतात, खुर्चीखाली लावायला. कुठून नेतात ते त्यांना विचार, पण आज नको.

भावोजींनी मला चोरून पत्र लिहिलं. मी ते गुपित मोडतो आहे, त्यांची क्षमा मी मागेन. ते लिहितात की पेडल पायाला लागत नाही, पाय कुठे आहे ते वाकून बघावं लागतं. ताई, तूच मला लिहिलंस की पायातली चप्पल निघून पडते आणि ते तसेच घरात येतात. तूच लिहिलंस की फोड येईपर्यंत त्यांना पिशवीचा चटका कळला नाही. तू त्याला विसरभोळेपणा म्हणालीस. माझा एक सहकारी याच वाटेने गेला, म्हणून मी चपलेचं विचारलं होतं. साखर वर्षानुवर्षं अंगात राहिली की पायाची जाणीव हळूहळू जाते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

आज एवढंच कर. त्यांना डोळे मिटून बसव. पेन्सिलच्या बोथट टोकाने एकेका बोटाला हलकेच स्पर्श कर आणि कुठलं बोट ते विचार. मग डॉक्टरकडे ने.

आणि सोमवारी त्यांना डोंगरात गाडी नेऊ देऊ नकोस. डावा पाय क्लचवर राहिला तर प्लेट जळते, दुसरी मिळते. पण हे दुखणं एका पायात थांबत नाही. उजव्या पायाखाली ब्रेक आहे.

तू घाबरलीस तर मला लिही. घाबरली नाहीस तर मला खोटं वाटेल.

तुझा पाना


२ मार्च

चि. पान्यास,

अ. उ. आ. घाबरले.

पेन्सिल सापडली नाही, विणायची सुई घेतली. यांना वाटलं माझा काहीतरी खेळ चाललाय. डोळे मिटून मजेत बसले. मी डाव्या अंगठ्यावर सुईचं बोथट टोक टेकवलं आणि थांबले. हेही थांबले. मग उजव्या पायाला टेकवलं, करंगळीला, टाचेला. सगळ्या बोटांवरून फिरवून झाली, तेव्हा यांनी डोळे न उघडता मला विचारलं की, सुरुवात कधी करणार आहेस.

डॉक्टरांनी तू सांगितलंस तेच सांगितलं, फक्त तुझ्यापेक्षा कमी शब्दांत. दोन्ही पाय. साखर ताब्यात नव्हती. गाडी बंद, उघडी चप्पल बंद, बिस्किटं बंद. आता रोज संध्याकाळी मी चष्मा लावून त्यांचे तळपाय तपासते, बोटांच्या फटीसुद्धा. हे कस्टम्समधल्या प्रवाशासारखे म्हणतात, जाहीर करण्यासारखं काही नाही, जाऊ द्या. मी तरी तपासते. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते. तुझ्याशीही बोलणार नाहीत असं म्हणाले होते, पण कालपासून तुझं पत्र आलं का म्हणून विचारतात. फोड बरा होतोय. रबराच्या कंपनीला मी दुसरं पत्र लिहिलं आणि पहिलं परत घेतलं. असं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

त्याहून अवघड काम ड्रायव्हरकडे जायचं होतं. शिंप्याच्या दुकानावर त्याची एक खोली आहे, जिना उभा. त्याने खुर्ची पुसून दिली. मी सरळ सांगितलं की चूक माझी होती, तुझी नव्हती, आणि तुझ्याविषयी मी कोणाला काही सांगितलेलं नाही. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसमोर गुडघे टेकून असं बोलायची सवय होती, पण तेव्हा गुडघे बरे होते. तो म्हणाला की त्याचा संशय माझ्यावरच होता. रविवारी मी उंच टाचा घालून गाडी नेते, आणि टाच पेडलवर ठेवूनच बसत असेन असं त्याला वाटलं होतं. साहेबांचं नाव त्याच्या मनातही आलं नाही. मला राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असते, तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. मग दारात का थांबलास, असं मी विचारलंच. तो म्हणाला, साहेब हल्ली उतारावर गाडी जोरात सोडतात, ते सांगावं की नाही असं झालं होतं. पण काढलेल्या माणसाचं कोण ऐकतं.

तो परत आला आहे. अट एकच घातली, की मी मागून त्याच्या पायाकडे बघत बसायचं नाही.

या सोमवारी वरच्या शाळेत गेलो. ड्रायव्हर गाडी चालवत होता, हे त्याच्या शेजारी नव्या बंद बुटांत, मी मागे. कबूल केल्याप्रमाणे मी ड्रायव्हरच्या पायाकडे बघितलं नाही. यांच्या पायाकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत, वरच्या शाळेतल्या एका मुलीच्या दाढेविषयी सांगत होते, आणि खाली त्यांचा डावा पाय चटई दाबून बसला होता. टाकीजवळच्या चढावर गाडी जड झाली, तेव्हा त्यांनी आणखी जोर लावला. ड्रायव्हरलाही ते दिसलं असावं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही, पाना. चढ संपेपर्यंत एक अक्षरही नाही. तुला हे खरं वाटणार नाही, ड्रायव्हरला विचार.

किणकिण थांबली आहे. तिसरी प्लेट टिकेल असं तो म्हणतो. माझ्या गुलाबांच्या वाफ्याला आता एका बाजूला कड उरलेली नाही, ते मी अजून पाहिलेलं नाही असं यांना वाटतं. वाटू दे.

तुझी साखर तपासून घे आणि आकडा मला कळव. तोंडी नको, कागद पाठव.

तुझी ताई